लक्षद्वीपला माल पाठवताय? ट्रक भरण्याआधी एवढे पाहा

बेटांचा माल भर समुद्रात क्वचितच मोडतो. मोडतो तो उचल-ठेवीत. भिवंडीच्या गोदामातून निघालेला खोका मंगळूरच्या जुन्या बंदरात ट्रकमधून उतरतो, जहाजात चढतो, बेटाजवळ परत उतरतो आणि मग दुकानापर्यंत जातो. पुष्कळ बेटांभोवती प्रवाळाचा कडा आणि आत उथळ पाणी असल्याने मोठे जहाज बाहेरच थांबते आणि नग होडीत उतरवावे लागतात. होडी डुलत असते, खाली झेलणारा बहुधा एकटा. म्हणून आमच्याकडे एक नग ३० किलोच्या वर घेत नाही.

६०० बाय ६०० मिमीच्या चार टाइल्सचा खोकाच या वजनाच्या जवळ जातो. दोन खोके पट्टीने एकत्र बांधून 'नग कमी' करू नका. हमाली वाचते, टाइल्स वाचत नाहीत. खोके कायम उभे, कडेवर ठेवायचे.

सिमेंटची गोणी ५० किलोचीच, तिला इलाज नाही, दोघांनी उचलायची. माल ताजा घ्या, खाली फळ्या टाका, दहापेक्षा जास्त थर नकोत. खारी हवा लागलेली खालची गोणी दगड होते.

पुठ्ठा ओल धरतो आणि खालचा खोका बसतो. तीन पदरी खोका इथे चालत नाही, पाच पदरी घ्या, आत प्लास्टिकची पिशवी. कागदी लेबल गळून पडते. बेटाचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि मोबाइल पक्क्या मार्करने तीन बाजूंना लिहा.

भरण्याचा क्रम सगळ्यात जास्त चुकतो. जहाज ज्या बेटाला शेवटी जाणार, त्याचा माल जहाजात तळाशी हवा, म्हणजे तो ट्रकमधून आधी उतरायला हवा. म्हणून शेवटच्या बेटाचा माल ट्रकच्या दाराशी आणि पहिल्या बेटाचा आत, केबिनच्या बाजूला. एका ट्रकमध्ये कवरत्ती, कदमत, किल्तान असा मिश्र माल असेल तर प्रत्येक बेटाला वेगळ्या रंगाची पट्टी लावा.

साधारण १५ मे ते १५ सप्टेंबर लहान जहाजे बंद असतात. एप्रिलमध्ये सगळेच धावतात, तेव्हा मार्चमध्येच जहाजातली जागा सांगून ठेवा.

बॅटरी, रंग, थिनर हा धोकादायक माल. आधी सांगा, इतर खोक्यांत लपवू नका.

ई-वे बिलात (माल नेताना सोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) 'जहाज / रस्ता व जहाज' हा पर्याय निवडा. त्यात दर २० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते, नुसत्या रस्त्याला २०० किलोमीटरला एक. घाईत 'रस्ता' निवडला, की धक्क्यावर जहाजाची वाट बघताना बिलाची मुदत संपते. मुदत वाढवायची खिडकीही फक्त संपण्याच्या आठ तास आधी ते आठ तास नंतर उघडी असते.