पॉट आइस्क्रीम घरी करताना
(४ लिटरचा हाताचा पॉट भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

पॉट परत आणताना ग्राहकांची नेहमीची तक्रार एकच असते: "तासभर फिरवलं, पण घट्टच होईना." अशा वेळी दुधाचा दोष क्वचितच असतो. बर्फ आणि मिठाचा हिशेब चुकलेला असतो, म्हणून हे पत्रक आधी वाचा आणि मग बर्फ आणायला निघा.

आदल्या रात्री बादली पाण्याने काठोकाठ भरून ठेवा. ती लाकडी पट्ट्यांची आहे. कोरडी राहिली की पट्ट्या आकसतात आणि फटींतून पाणी झिरपतं. रात्रभर भिजलं की लाकूड फुगतं आणि फटी बुजतात. डबा, झाकण आणि पंखा (डब्यात मिश्रण ढवळणारी पाती) मात्र गरम पाण्याने धुऊन कोरडे करा.

दूधही रात्रीच आटवा. आंबा आइस्क्रीमसाठी २ लिटर म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध दीड लिटरवर आणा. अर्धी वाटी गार दुधात २५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर कालवून त्यात ओता आणि ३-४ मिनिटं उकळा, नाहीतर कच्चट चव राहते. मग ३५० ग्रॅम साखर घाला. मिश्रण चाखताना किंचित जास्त गोड लागलं पाहिजे, कारण थंडपणात गोडी कमी जाणवते. म्हणून साखर मनानेच वाढवू मात्र नका. साखर जितकी जास्त, तितकं मिश्रण उशिरा गोठतं. गार होताना अधूनमधून ढवळा, म्हणजे वर साय धरणार नाही. मग झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

हापूस किंवा पायरीचा ६०० ग्रॅम रस गाळून वेगळा गार करा. रस गरम दुधात घातला तर दूध फाटू शकतं. सकाळी दोन्ही एकत्र करून २०० ग्रॅम क्रीम मिसळा. घरची साय वापरणार असाल तर मिक्सरमध्ये दोन-तीन सेकंदच फिरवा. जास्त फिरली की लोण्याचे कण होतात आणि ते आइस्क्रीममध्ये जिभेला लागतात. सीताफळाचं करायचं असेल तर गर कधीही शिजवू नका, कडू होतो.

आता मुख्य काम. बर्फ १० किलो, जाडं मीठ २ किलो. बारीक मीठ झटकन विरघळून खाली बसतं, ते चालणार नाही. लादी गोणपाटात गुंडाळून बत्त्याने फोडा. तुकडे सुपारीपासून लिंबाएवढे असावेत. महाराष्ट्रात अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ पासून आहे. तो बर्फ डब्याबाहेर चालतो, पण त्यातला तुकडा मुलांच्या सरबतात जाऊ देऊ नका.

डबा दोन तृतीयांशच भरा, कारण फिरवताना हवा मिसळून मिश्रण फुगतं. डबा बादलीत बसवून दांडा एकदा फिरवून पाहा. मगच भोवती चार बोटं बर्फ, त्यावर मूठभर मीठ, पुन्हा बर्फ असे थर रचा. थर झाकणाच्या खालीच थांबले पाहिजेत.

नुसता बर्फ ०° सेल्सिअसला वितळतो आणि साखरेचं दूध त्याहून खाली गोठतं. मिठामुळे बर्फ वितळून जे खारं पाणी होतं ते शून्याच्या बरंच खाली जातं, आणि तेच डब्याला चहूबाजूंनी भिडून आतली उष्णता ओढून घेतं. म्हणजे गोठवण्याचं काम हे पाणीच करतं. अनेक जण ते बर्फाचं वाया गेलेलं पाणी समजून ओतून देतात आणि मग तासभर दांडा फिरवत बसतात. पाणी बादलीच्या भोकातून आपोआप जाईल तेवढंच जाऊ द्या. भोक मात्र बर्फाने बुजू देऊ नका. बुजलं की पाणी झाकणावर चढतं आणि आइस्क्रीम खारट होतं. त्यावर उपाय नाही.

मीठ एकदम ओतलं तर उलटाच घोटाळा होतो. डब्याच्या कडेला जाड थर गोठतो, पंखा अडकतो आणि मधलं दूध पातळच राहतं.

पहिली दहा मिनिटं दांडा सावकाश फिरवा, ही पाळी लहान मुलांची. नंतर वेग वाढवा आणि मधे थांबू नका, नाहीतर खडे होतात. साधारण अर्ध्या तासाने दांडा जड होतो. शेवटी मोठ्यांनीच फिरवावं आणि एकाने बादली घट्ट धरावी. बादली हलू नये म्हणून मुलाला वर बसवण्याची पद्धत आम्हाला पसंत नाही, खाली गियर असतो. खाऱ्या बर्फात हातही जास्त वेळ ठेवू देऊ नका, कातडी भाजल्यासारखी होते.

दांडा फिरेनासा झाला की झाकणाभोवतीचा बर्फ काढा, झाकण पुसा, मगच उघडा. पंखा काढा. (तो कोण चाटणार हे आधी ठरवलेलं बरं.) झाकणाचं भोक बुचाने बंद करून उरलेला बर्फ-मीठ भोवती भरा आणि ओल्या गोणपाटाखाली दीड तास मुरू द्या. लगेच वाढलं तर वाटीतच विरघळतं.

खारं पाणी झाडांना घालू नका, मोरीत ओता. गियर आणि बादलीच्या लोखंडी कड्या साध्या पाण्याने धुऊन पुसा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गंज दिसतो. पॉट परत देताना पंखा डब्यात टाकू नका, कापडात गुंडाळून वेगळा द्या. वाटेत आपटून डब्याला पोचा आला की पंखा कडेला घासतो.