इंजिन बांधताना पुशरॉडची लांबी का मोजतो

उन्हाळी नांगरटी आटोपली की ट्रॅक्टर इंजिनकामाला येतात, आणि प्रत्येकाला मृगाच्या आत इंजिन हातात हवं असतं. अशा घाईत बिलावर ‘पुशरॉड तपासणी’ दिसली की साहजिकच विचारणा होते: रॉड तर जुनेच घातले, मग पैसे कशाचे?

पुशरॉड म्हणजे खाली फिरणाऱ्या कॅमची उचल टॅपेटमार्फत (कॅमवर टेकणारा ठोकळा) वरच्या रॉकरपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेपर्यंत, नेणारी दांडी. हेडला फेसिंग मारलं, म्हणजे त्याचा तळ मशीनवर घासून सपाट केला, की रॉकर तेवढा कॅमच्या जवळ येतो. हेडचे ०.३० आणि ब्लॉकचे ०.२० मिमी गेले, तर तोच रॉड अर्धा मिलिमीटर लांब पडतो. सीट (व्हॉल्व्ह टेकण्याची कड) कापल्यावर व्हॉल्व्ह आत बसतो, त्याचं टोक वर येतं, रॉकरची दुसरी बाजू खाली दबते. रॉड आणखी लांब पडतो. कॅम ग्राइंड केला असेल किंवा गॅस्केट जाड घातलं असेल, तर उलट.

टॅपेट सेट करून, म्हणजे रॉकरवरच्या स्क्रूने रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप जुळवून, भागत नाही का? बहुतेक वेळा भागतं, आणि तेव्हा आम्ही जुनेच रॉड घालतो. पण स्क्रूलाही मर्यादा असते. ऐन पेरणीत रॉड वाकलेला एक ट्रॅक्टर आमच्याकडे आला. हेडला आधी दोनदा फेसिंग झालेलं. टॅपेट स्क्रू पार वर गेलेला, रॉडच्या वाटीची कड रॉकरला घासून नखाएवढी चकाकत होती. इतर व्हॉल्व्हचा गॅप फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) तपासला, तर तो बरोबर! म्हणून नुसत्या गॅपवर आम्ही विसंबत नाही.

मोजणी अशी: हेड गॅस्केटसह टॉर्कने कसतो. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (अगदी वरच्या टोकाला), दोन्ही व्हॉल्व्ह बंद, टॅपेट स्क्रू मधोमध. लांबी कमीजास्त करता येणारा चेकिंग रॉड घालून मॅन्युअलमधला गॅप जुळवतो आणि तो रॉड वर्नियरने मोजतो. मग व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करची शाई लावून क्रँक हाताने दोन फेरे फिरवतो. घासल्याची रेघ बारीक आणि मधोमध हवी. ती कडेला गेली, तर शाफ्टवर रॉकर असलेल्या आपल्या ट्रॅक्टर इंजिनांत रॉड बदलून उपयोग नाही; शाफ्टच्या स्टँडची उंची आणि व्हॉल्व्हची बैठक बघावी लागते.

हेड सुटं आणत असाल, तर पुठ्ठ्याला भोकं पाडून रॉड क्रमाने खोचून आणा; पोत्यात एकत्र बांधू नका. फेसिंग किती वेळा झालं, तेही सांगा. प्रत्येक रॉड आम्ही तुमच्यासमोर काचेवर लोळवतो. मध्ये उजेड दिसला तर रॉड वाकलेला. तो ठोकून सरळ करून आम्ही बसवत नाही, कितीही घाई असली तरी.