स्क्विडच्या चेतातंतूतले कोलिनएस्टरेज : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

स्क्विडच्या, म्हणजे माकूलच्या, डोक्यातल्या चेतागुच्छात (चेतापेशींच्या गाठीत) ॲसिटिलकोलीन हे चेतांचा निरोप वाहणारे रसायन तयार करणारे एन्झाइम भरपूर असते आणि ते रसायन मोडणारे कोलिनएस्टरेजही. इतके, की 1950च्या दशकात जैवरसायनशास्त्रज्ञ ही एन्झाइमे वेगळी काढायला स्क्विडचीच डोकी वापरत. तरीही या प्राण्याचा सगळ्यात जास्त अभ्यासलेला सिनॅप्स (दोन चेतापेशींमधला सांधा) ॲसिटिलकोलीनवर चालत नाही, तो ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनावर चालतो. या विसंगतीचा उलगडा व्हायला बराच काळ लागला, आणि मधल्या काळात बरीच गरमागरमी झाली. चेतातंतूतून संदेश पुढे सरकतो तो ॲसिटिलकोलीनमुळे की नाही, हा तो वाद.

वादाचे मूळ 1921 सालचे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर दाखवून दिले की चेता स्नायूला रसायनाच्या मार्फत निरोप देते. पुढे 1926 मध्ये त्यांनी आणि नवरातिल यांनी एसेरीन हे द्रव्य त्या रसायनाची, म्हणजे ॲसिटिलकोलीनची, मोडतोड रोखते हे दाखवले. निरोप पोहोचला की निरोप्याला लगेच संपवणारे एन्झाइम हवेच, हा विचार तिथून पक्का झाला. मग उलटा तर्कही आपोआप आला : जिथे हे एन्झाइम, तिथे ॲसिटिलकोलीनचे काम.

हा उलटा तर्क सर्वात नेटाने लावला जैवरसायनशास्त्रज्ञ डेव्हिड नाखमनसोन यांनी. 1933 मध्ये त्यांना बर्लिन सोडावे लागले. पॅरिसमध्ये असताना विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशाच्या अवयवात त्यांना कोलिनएस्टरेजचा प्रचंड साठा सापडला, आणि 1939 मध्ये ते अमेरिकेत आले. तोवर स्क्विड प्रयोगशाळेत रुळला होता. जे. झेड. यंग यांनी 1936 मध्ये दाखवले होते की त्याच्या प्रावाराला (अंगाभोवतीच्या मांसल पिशवीला) जाणारा जाड धागा रक्तवाहिनी नाही, तो एकच अक्षतंतू, म्हणजे एका चेतापेशीचा लांब तंतू, आहे. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसणारा! 

अक्षतंतू एवढा जाड असल्याने त्यातला गाभा टूथपेस्टसारखा पिळून बाहेर काढता येतो. बोएल आणि नाखमनसोन यांनी 1940 मध्ये नेमके हेच केले. गाभा एकीकडे, रिकामे आवरण दुसरीकडे ठेवून दोन्हींतले कोलिनएस्टरेज मोजले. जवळजवळ सगळे आवरणात निघाले. नाखमनसोन यांनी निष्कर्ष काढला की ॲसिटिलकोलीन फक्त सिनॅप्सपुरते नाही, तंतूच्या लांबीभर विद्युत्‌संदेश पुढे सरकतो तोही त्याच्याच जोरावर.

मोजमाप चोख होते, निष्कर्ष मात्र फार लांब ताणलेला होता. तंतूवर बाहेरून ॲसिटिलकोलीन किंवा त्याचा परिणाम अडवणारे कुरारे हे विष ओतले तर काही होत नाही, ही पहिली अडचण. आवरण त्यांना आत येऊ देत नाही, असे नाखमनसोन गटाचे उत्तर. 1960च्या सुमारास त्यांच्या कोलंबिया विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी सापाच्या विषाने आवरण सैल करूनही पाहिले, तेव्हा कुरारेचा परिणाम दिसला. पण एव्हाना स्क्विडच्या याच तंतूवर काम करणारे हॉजकिन आणि हक्सली यांचे 1952 चे शोधनिबंध येऊन गेले होते. सोडियम आत येते, पोटॅशियम बाहेर जाते आणि संदेश सरकतो, एवढ्यावर त्यांचे गणित जुळत होते. त्यात ॲसिटिलकोलीनला जागाच उरली नव्हती.

सिनॅप्सचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. प्रावारातल्या ताऱ्याच्या आकाराच्या चेतागुच्छात दोन महाकाय तंतू एकमेकांना भिडतात. हा सांधा इतका मोठा की त्याच्या दोन्ही बाजूंना सुया खुपसता येतात. 1960च्या दशकात बर्नार्ड काट्झ आणि रिकार्डो मिलेडी यांनी नेपल्सच्या सागरी संशोधन केंद्रात यावर काम केले. फुगू माशाचे टेट्रोडोटॉक्सिन टाकून त्यांनी सोडियमचे संदेश बंद पाडले आणि अलीकडच्या टोकाला थेट विजेचा दाब दिला. तरीही रसायन सुटले, मात्र बाहेर कॅल्शियम असेल तरच. दाब फारच वाढवला तर दाब असेपर्यंत काहीच सुटत नाही. तो काढून घेताच प्रतिसाद येतो. दाब खूप असताना कॅल्शियमला आत खेचणारा ओढाच राहत नाही, हे त्याचे स्पष्टीकरण. अख्ख्या मालिकेतला सर्वात देखणा प्रयोग मला हाच वाटतो. सुटणारे रसायन ग्लुटामेट असावे, याचे पुरावे 1960च्या दशकाच्या शेवटी मिळू लागले. मग 1972 मध्ये रोदोल्फो यिनास आणि सहकाऱ्यांनी जेलीफिशमधले एक्वोरिन हे चमकणारे प्रथिन टोचून आत शिरणारे कॅल्शियम उजेडाच्या रूपात टिपले.

यानंतर एन्झाइम पुन्हा चर्चेत आले, पण वेगळे. 1985 मध्ये यिनास आणि पॉल ग्रीनगार्ड यांच्या गटांनी याच सांध्याच्या अलीकडच्या टोकात सिनॅप्सिन हे प्रथिन टोचले. फॉस्फेट न चिकटलेले सिनॅप्सिन गेले की रसायन कमी सुटते. फॉस्फेट चिकटवणारे, कॅल्शियमने जागे होणारे कायनेज टोचले की जास्त सुटते. म्हणजे एन्झाइमचा हात निरोप मोडण्यापुरता नसतो, तो किती जोरात पाठवायचा यातही असतो.

जुन्या वादातून एक गोष्ट मात्र अनपेक्षितपणे हाती लागली. नाखमनसोन गट कोलिनएस्टरेज बंद पाडायला डीएफपी वापरत असे. हे रसायन सारिन या विषारी वायूच्या जातकुळीतले. संदेश थांबवायला त्याची मात्रा अवाच्या सवा लागे आणि विरोधक त्यावरच बोट ठेवत. 1966 मध्ये फ्रान्सिस हॉस्किन आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग पुन्हा तपासला, तेव्हा दिसले की स्क्विडचा तंतू डीएफपी स्वतःच मोडून टाकतो. हे काम करणारे एन्झाइम म्हणजे डीएफपीएज. 2001 मध्ये त्याची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली : सहा पात्यांच्या पंख्यासारखा रेणू, मधोमध दोन कॅल्शियम. सारिन आणि त्याच्याच जातीचा सोमान हे विषारी वायू निष्प्रभ करायला ते उपयोगी पडते. ते तोडते फॉस्फरस आणि फ्लोरिनमधला बंध. आपल्या शेतात वर्षानुवर्षे फवारल्या गेलेल्या मोनोक्रोटोफॉससारख्या, कोलिनएस्टरेजच बंद पाडणाऱ्या औषधांत तो बंधच नसतो, त्यामुळे फवारणीच्या विषबाधेवर अजूनही ॲसिटिलकोलीनचा परिणाम अडवणाऱ्या ॲट्रोपिनची इंजेक्शने द्यावी लागतात.