जोडप्यातल्या एकाचा हर्पिस रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, आता दुसऱ्याने काय करावे?
(आमच्या लॅबच्या ग्राहकांसाठी माहिती)

"यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, माझंही रक्त आत्ताच काढा." हे वाक्य आमच्या काउंटरवर वरचेवर ऐकू येते. गणपतीत आणि शिमग्याला तर फारच, कारण मुंबईकरांना परतीची गाडी गाठायची असते आणि बोटीवरच्यांची जायची तारीख ठरलेली असते. रक्त काढायला दोन मिनिटे लागतात. पण ते चुकीच्या दिवशी काढले तर पैसे जातात आणि उत्तर मिळत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. हर्पिस म्हणजे नेहमी नागीण नव्हे. नागीण कांजिण्यांच्या विषाणूमुळे उठते. इथे विषय हर्पिस सिम्प्लेक्स या फोड आणणाऱ्या विषाणूचा आहे. त्याचे टाइप १ आणि टाइप २ असे दोन प्रकार आहेत. टाइप १ बहुधा तोंडाला होतो, पण गुप्तांगालाही होऊ शकतो. टाइप २ मुख्यतः गुप्तांगाला होतो.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो घाईत केलेल्या टेस्टमुळे. रक्तात आम्ही विषाणू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेल्या आयजीजी अँटीबॉडी शोधतो. त्या तयार व्हायला काही आठवडे लागतात. बहुतेकांच्या रक्तात १२ आठवड्यांपर्यंत त्या दिसू लागतात. शरीरसंबंधानंतर दहाव्या दिवशी निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन निर्धास्त झालेला माणूस तीन महिन्यांनी पॉझिटिव्ह निघू शकतो. मग दोष लॅबला लागतो. तुम्ही वर्षानुवर्षे एकत्र राहत असाल तर आज टेस्ट करण्यात अर्थ आहे, जुनी लागण असेल तर बहुधा कळेल. लग्न नवे असेल किंवा जोडीदार नुकताच परत आला असेल, तर शेवटच्या संबंधाच्या तारखेपासून १२ आठवडे मोजा आणि मगच या. मधल्या काळात पुन्हा संबंध आला तर मोजणी पहिल्यापासून.

आयजीएम (लागणीच्या सुरुवातीला बनणाऱ्या अँटीबॉडीची) टेस्ट आम्ही सुचवत नाही, मागितली तरी आधी समजावून सांगतो. पॅकेजमध्ये ती स्वस्तात मिळते म्हणून लोक नाराज होतात. पण जुना हर्पिस पुन्हा उठला तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते, टाइप १ आणि २ मधला फरक नीट दाखवत नाही आणि हर्पिस नसतानाही पॉझिटिव्ह येते. तिच्यावरून "लागण नवी आहे" असा निष्कर्ष काढून घरात भांडणे होतात. 'टाइप १+२' असा एकत्र रिपोर्टही कामाचा नाही. टाइप-स्पेसिफिक आयजीजी मागा, दोन्ही आकडे वेगवेगळे मिळतात. टाइप २ चा इंडेक्स (रिपोर्टमधला आकडा) १.१ ते ३ च्या दरम्यान असेल तर तो रिपोर्ट पक्का मानू नका. वेगळ्या पद्धतीच्या टेस्टने खात्री करून घ्या. आणि लागण कोणाकडून झाली, कधी झाली, हे रक्ताची कोणतीच टेस्ट सांगत नाही. टाइप १ तर अनेकांना लहानपणीच होतो, तापानंतर ओठाच्या कडेला पुळ्या उठतात तोच.

अंगावर फोड असेल तर रक्तापेक्षा स्वॅबचा पीसीआर (फोडातून काडीने घेतलेल्या नमुन्यात थेट विषाणू शोधणारी टेस्ट) चांगला. फोड उठल्यापासून शक्यतो ४८ तासांत या. गेरू, चंदन, तुरटी, मलम, पावडर काहीही लावू नका आणि फोड स्वतः फोडू नका. आम्हाला ओल्या जखमेच्या तळातून नमुना घ्यावा लागतो. खपली धरली की खरा हर्पिससुद्धा निगेटिव्ह येऊ शकतो.

आता एक पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह असेल तर रोजचे काय? फोड, खाज किंवा मुंग्या आल्यासारखे वाटू लागले की कातडी पूर्ण बरी होईपर्यंत संबंध नको, तोंडानेही नको. पण कातडी स्वच्छ दिसते तेव्हाही विषाणू अधूनमधून बाहेर पडतो, म्हणून इतर दिवशी कंडोम. त्याने धोका कमी होतो, संपत नाही, कारण तो झाकत नाही त्या कातडीतूनही लागण होते. पुरुषाकडून स्त्रीला लागण होणे तुलनेने सोपे असते. टाइप २ असलेल्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज व्हॅलासायक्लोव्हिर (विषाणूविरोधी गोळी) ५०० मिग्रॅ घेतल्यास जोडीदाराचा धोका जवळपास निम्मा होतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,४८४ जोडप्यांच्या अभ्यासात आठ महिन्यांत हे औषध न घेणाऱ्यांच्या ३.६ टक्के जोडीदारांना लागण झाली, तर घेणाऱ्यांच्या १.९ टक्के जोडीदारांना. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, डोस बदलतो. संडासच्या सीटमुळे किंवा विहिरीच्या पाण्यामुळे हर्पिस होत नाही, त्यासाठी घरात वेगळी भांडी लावू नका.

बायको गरोदर आणि निगेटिव्ह असेल तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना आजच सांगा. शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला गंभीर धोका असतो. पॉझिटिव्ह नवऱ्याने त्या काळात संबंध टाळावेत.

रिपोर्ट आम्ही ज्याचा त्यालाच देतो, नवरा-बायको असले तरी. यावरून काही जण रागावतात, पण ज्याचा रिपोर्ट त्याने स्वतः सांगावा हेच बरे. दोघे मिळून आलात आणि दोघांची संमती असेल, तर रिपोर्ट एकत्र समजावून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. गावात ओळखीचे दिसतील ही अडचण असेल तर घरी येऊन रक्त घेतो. आमच्या माणसाच्या पिशवीवर लॅबचे नाव नसते. स्वॅबसाठी मात्र लॅबमध्येच यावे लागते. येताना आधीचा रिपोर्ट आणि शेवटच्या संबंधाची तारीख लिहून आणा. उपाशीपोटी येण्याची गरज नाही.