माकडताप : आजार, जंगल आणि राबणारी माणसे

माकडताप हा गोचिडीच्या चाव्यातून होणारा विषाणुजन्य ताप. वैद्यकात त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज (केएफडी) म्हणतात. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात १९५७ साली माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने अंथरुणाला खिळली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधला. थंडी वाजून एकाएकी चढणारा ताप, ठणकणारे डोके, दुखणारे अंग आणि काहींना रक्तस्राव ही त्याची लक्षणे. शंभरातले साधारण ३ ते ५ रुग्ण दगावतात. या विषाणूवर हमखास औषध नाही. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही.

माणूस, जनावर आणि निसर्ग यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या ‘वन हेल्थ’ दृष्टिकोनाचे उदाहरण म्हणून हा आजार नेहमी सांगितला जातो. मात्र विषाणू, गोचीड आणि माकड एवढ्यावरच बहुतेक वर्णने थांबतात. समाजशास्त्र आणि मानवशास्त्र पुढचा प्रश्न विचारतात : जंगलात त्या दिवशी कोण होते, आणि का गेले होते?

आजाराच्या नावामुळे माकडावर विनाकारण दोष येतो. वानर आणि टोपी माकड हे या विषाणूचे पहिले बळी आहेत. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली गळतात आणि तेवढी जागा धोक्याची होते. गाईगुरे सहसा या विषाणूने आजारी पडत नाहीत; पण पूर्ण वाढलेल्या गोचिडी त्यांच्याच रक्तावर पोसतात आणि जंगलाच्या जमिनीवर अंडी घालतात. माणसाला चावतात त्या बहुधा बारीक, अर्धवट वाढलेल्या गोचिडी. त्या अंगावर चढलेल्या कळतही नाहीत.

गुरांचा हा दुवा कोलंबियाचे शास्त्रज्ञ होर्हे बोशेल यांनी १९६९ मध्ये ठळकपणे मांडला. लोकवस्ती वाढली, जंगल तुटून शेत झाले, गुरे रानात चरू लागली आणि जुना विषाणू माणसापर्यंत पोहोचला, असे त्यांचे म्हणणे. पुढे कर्नाटकातल्या दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या साथीचा अभ्यास करून मानवशास्त्रज्ञ मार्क निक्टर यांनी १९८७ मध्ये माकडतापाला ‘विकासातून आलेला आजार’ म्हटले. जंगलतोडीचा लाभ एकाला मिळतो आणि ताप मात्र लाकूडफाटा आणणाऱ्या, मजुरी करणाऱ्या गरिबाच्या वाट्याला येतो, ही बाब त्यांच्या लेखनामुळे पुढे आली. जीवशास्त्राचे निष्कर्ष त्यांनी नाकारले नाहीत; त्यात सुटलेला माणूस परत आणला. माकडतापावरचे सर्वांत मोलाचे लेखन मला तेच वाटते.

आजार आता सह्याद्रीच्या कडेने पसरला आहे. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. इथे काजूचा हंगाम आणि गोचिडींचा हंगाम एकाच वेळी येतो. हिवाळा सरता सरता बोंडू पिकू लागतात, बिया वेचायला अख्खे घर बागेत वाकलेले असते आणि बाग जंगलाला लागून असते. त्याच दिवसांत गोठ्यासाठी आणि भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, पातेरा (वाळलेला पालापाचोळा) गोळा केला जातो. हे काम बऱ्याचदा बायकांचे. गोचीड असते ती नेमकी त्याच पाल्यात. ‘जंगलात जाऊ नका’ हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे, पण वर्षाची रोकड ज्याला याच तीन महिन्यांत मिळवायची आहे त्याने तो पाळायचा कसा? अंगाला गोचीडरोधक तेल लावणे आणि अंगभर कपडे घालणे हा उपाय त्यातल्या त्यात जमण्यासारखा. तरी एप्रिलच्या उकाड्यात वाकून काम करताना तोही निभावणे कठीण जाते.

लसीबाबतही तेच झाले. कर्नाटकात अनेक वर्षे दिलेल्या लसीच्या दोन मात्रा आणि वर्धक मात्रा घ्याव्या लागत. टोचल्यावर दुखे, आणि लस घेऊनही काहींना ताप येई. लोक पुढच्या मात्रेला येईनासे झाले की ‘अज्ञान’ हा शब्द लगेच वापरला जातो. प्रत्यक्षात ही माणसे आपल्या अनुभवावरून हिशेब करत होती. पुरेसे संरक्षण मिळत नसल्याने पुढे ती लस थांबवावी लागली.

मेलेले माकड सर्वांत आधी दिसते ते गुराख्याला, नाहीतर काजू वेचणाऱ्याला. ती खबर साथीची पहिली सूचना असते. माकड वनविभागाच्या अखत्यारीत, गुरे पशुसंवर्धनाच्या आणि तापाचा रुग्ण आरोग्य खात्याच्या. खबर या तिन्ही दारांत वेळेवर गेली, तर त्या जागेभोवती कीटकनाशक फवारता येते आणि गावाला सावध करता येते. खबर देणाऱ्याला चौकशीचा जाच होईल असे वाटले, तर तो गप्प राहतो. २०१२ मध्ये बंडीपूर भागात मेलेली माकडे हाताळणाऱ्या वन कर्मचाऱ्यांनाच हा ताप झाला होता. नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. तिच्या कामात गुराखी आणि पातेरा गोळा करणाऱ्या बाईचा अनुभव प्रयोगशाळेतल्या नमुन्याइतकाच नोंदला जायला हवा.