घाण पुढे ढकलण्यापासून नदीला जागा देण्यापर्यंत

शहरातली नदी स्वच्छ करायची म्हणजे नेमकं काय करायचं, याचं उत्तर दीडशेहून अधिक वर्षांत बरंच बदललं. पहिलं उत्तर सोपं होतं: वास थांबवा.

१८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये थेम्सला अशी दुर्गंधी सुटली की संसदेच्या खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये, म्हणजे ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यात, भिजवावे लागले. वर्षानुवर्षं रखडलेल्या मैलावाहिन्यांच्या कामाला मग झटपट मंजुरी मिळाली. खासदारांच्या नाकाला झोंबल्याशिवाय तिजोरी उघडली नाही! अभियंता जोसेफ बॅझलगेट यांनी नदीला समांतर मोठ्या वाहिन्या टाकल्या, मैला शहराच्या पूर्वेला बेक्टन आणि क्रॉसनेसपर्यंत नेला आणि ओहोटीबरोबर तो तसाच नदीत सोडला. कॉलऱ्याला आळा बसला, हे श्रेय मोठंच. नदीची मात्र सुटका झाली नाही, घाण फक्त खाली सरकली. १८७८ मध्ये त्याच पट्ट्यात ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ ही प्रवासी बोट बुडून सहाशेहून अधिक माणसं गेली. ती पडली ते पाणी नुकत्याच सोडलेल्या मैल्याने भरलेलं होतं. पुढे गाळ वेगळा करून जहाजांनी समुद्रात टाकायला सुरुवात झाली, ती प्रथा १९९८ पर्यंत चालली. शिवाय या वाहिन्यांतून मैला आणि पावसाचं पाणी एकत्रच जातं. जोराचा पाऊस झाला की जादा पाणी मैल्यासकट नदीत जायचं.

नदी आतून कशी गुदमरते, हे मोजायची पद्धत विसाव्या शतकात रुळली. मैला कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मग माशांना तो उरत नाही. १९१२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल कमिशनने सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यासाठी जैविक ऑक्सिजन मागणीची, म्हणजे घाण कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन ओढतात त्याची, मर्यादा सुचवली: लिटरला २० मिलिग्रॅम. दोनच वर्षांनी मँचेस्टरमध्ये सक्रिय गाळाची प्रक्रिया पुढे आली. हवा फुंकून हेच जिवाणू टाकीत पोसायचे आणि मैला तिथेच खाऊ घालायचा. उपाय हाती होता, तरी पैसा आणि क्षमता अपुरी पडली. १९५७ मध्ये थेम्सचा लंडनमधला पट्टा जैविकदृष्ट्या मृत ठरला. प्रक्रिया केंद्रं सुधारल्यावर १९७४ मध्ये थेम्समध्ये सामन मासा सापडला.

ऱ्हाइनच्या बाबतीत तर मासा हेच उद्दिष्ट झालं. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळ सँडोझ या रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली, विझवण्याच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं नदीत गेली आणि ईल मासे मोठ्या संख्येने मेले. पुढच्याच वर्षी काठावरच्या देशांनी ठरवलं, २००० पर्यंत सामन परत आला पाहिजे. माझ्या मते ‘अमुक मिलिग्रॅम’पेक्षा हे उद्दिष्ट लोकांना जास्त कळतं.

काठ आणि तळ यांकडे लक्ष सर्वांत उशिरा गेलं. सोलमध्ये चोंग्येचॉन या ओढ्यावरचा उड्डाणरस्ता पाडून २००५ मध्ये साडेपाच किलोमीटरहून लांब प्रवाह खुला केला. शहराला विसावा मिळाला, पण त्यातलं बहुतेक पाणी पंपाने आणलेलं आहे. त्याला नदीचं पुनरुज्जीवन म्हणताना मी थोडा अडखळतो. म्युनिकने इझार नदीवर वेगळी वाट धरली. २००० ते २०११ या काळात आठ किलोमीटरच्या पट्ट्यातले बांधीव काठ काढले, पात्र रुंद केलं, गोटे आणि वाळू मोकळी सोडली. त्यामुळे पुराच्या पाण्यालाही जागा मिळाली. लोकांना पोहता यावं म्हणून वरच्या बाजूच्या सांडपाणी केंद्रांत अतिनील किरणांनी जंतू मारायची सोयही झाली.