वाहाकातील राजकीय मुद्राचित्रण

मेक्सिकोच्या दक्षिणेकडील वाहाका राज्यात २००६ च्या जनआंदोलनातून बहरलेली, चित्रकारांच्या गटांनी सामूहिकपणे जोपासलेली कला. काष्ठठसे, लिनोकट (लिनोलियमच्या मऊ पत्र्यावर कोरलेले ठसे) आणि स्टेन्सिल ही तिची मुख्य माध्यमे.

त्या वर्षी मे महिन्यात संपकरी शिक्षकांनी वाहाका शहराच्या मुख्य चौकात ठिय्या दिला. १४ जूनला गव्हर्नर उलिसेस रुइस यांच्या पोलिसांनी अश्रुधूर सोडून तो उठवायचा प्रयत्न केला आणि शिक्षकांचा लढा साऱ्या शहराचा झाला. रस्तोरस्ती बॅरिकेड उभी राहिली. त्याच धामधुमीत तरुण चित्रकारांनी ‘आसारो’, म्हणजे वाहाकाच्या क्रांतिकारी कलावंतांची सभा, स्थापन केली. निर्णय सभेत व्हायचे, चित्रावर सही गटाची असायची. यात तत्त्व होते, तशी अटक टाळण्याची सावधगिरीही. ‘लापिस्तोला’ हा गटही त्याच वर्षीचा. पेन्सिल आणि पिस्तूल यांसाठीचे स्पॅनिश शब्द जोडून हे खट्याळ नाव बनले आहे.

कृती स्वस्तातली आहे. प्लायवूड किंवा लिनोलियम कोरायचे, उंचवट्यांवर रोलरने काळी शाई फिरवायची आणि वर कागद ठेवून दाब द्यायचा. अक्षरे उलटी कोरावी लागतात. घाईत एखादे सुलटे कोरले गेले, तर घोषणेत नेमके तेच उलटे उमटते. छाप रात्री पिठाच्या खळीने भिंतीवर डकवायचे. सकाळी कोणी त्यांवर रंग फासला, तरी ठसा कार्यशाळेत शाबूत असतो. रंगवलेल्या भित्तिचित्राला ही सोय नाही.

‘बॅरिकेडची कुमारी’ ही आसारोची सर्वांत बोलकी प्रतिमा. ग्वादालुपेच्या मेरीमातेच्या तोंडावर येथे गॅस मास्क आहे आणि अंगावरच्या वस्त्रावर ताऱ्यांऐवजी टायर. मेक्सिकन क्रांतीतला शेतकरी नेता सापाता आणि मूळचा वाहाकाचाच, एकोणिसाव्या शतकातला राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस हेही वारंवार भेटतात.

परंपरा जुनी आहे. होसे ग्वादालुपे पोसादा (१८५२–१९१३) याचे हसते सांगाडे स्वस्त पत्रकांवर छापले जात. १९३७ मध्ये लिओपोल्दो मेंदेस व सहकाऱ्यांनी मेक्सिको सिटीत ‘तायेर दे ग्राफिका पोपुलार’ ही लोकमुद्रण कार्यशाळा काढली. तिचा मेक्सिकन क्रांतीवरील १९४७ चा संच ८५ चित्रांचा आहे. वाहाकात फ्रान्सिस्को तोलेदो यांनी १९८८ मध्ये उभारलेली आरेख्यक (ग्राफिक) कला संस्था नव्या पिढीच्या उपयोगी पडली.

आंदोलन दडपले गेले, पण मुद्रणशाळा वाढल्या. आज पर्यटक तेथे छाप विकत घेतात आणि आसारोची चित्रे अमेरिकी विद्यापीठांच्या संग्रहांत जपली जातात. भिंतीवरच्या प्रती केव्हाच उन्हापावसात विरल्या.